बटण फेजवर, न्यूट्रलवर कधीच नाही

14 मे, रात्र

जळगाव-भुसावळच्या या उन्हात रात्री नऊलाही स्लॅबला हात लावला तर गरम लागतो. त्याच स्लॅबच्या पोटातल्या पाइपात लाइटच्या वायरी असतात. साध्या पीव्हीसी वायरीची मर्यादा 70 अंशांची. नऊ वॉटच्या एलईडीला पाव अँपिअरसुद्धा करंट लागत नाही, तरी छतावरच्या पॉइंटला दीड चौरस मिलिमीटरची (बाजारात ‘दीड एमएम’) तांब्याची वायरच ओढावी. वायरीचं माप दिव्यावरून ठरत नाही, तिच्यामागे कितीची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे त्यावरून ठरतं. लाइटच्या लाइनीला 6 किंवा 10 अँपिअरची पुरते.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. लाइट लागला म्हणजे वायरिंग बरोबर, असं लोक धरून चालतात. बटण फेजवर (करंट आणणाऱ्या जिवंत वायरीवर) असो की न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या वायरीवर), दिवा दोन्हीकडे सारखाच लागतो. फरक कळतो तो बटण बंद केल्यावर. न्यूट्रल तोडलेला असेल तर होल्डरपर्यंत 230 व्होल्ट तसेच उभे राहतात, आणि बटण बंद आहे म्हणून बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाचा हात थेट त्यावर पडतो. रात्री बंद केलेला एलईडी मंद उजळत राहतो, त्याचंही हे एक नेहमीचं कारण. (बटणात लाल इंडिकेटर असेल तरी तसं होतं, ते वेगळं.)

तपासायला दोन मिनिटं लागतात. दिवा जागेवर, बटण बंद, मेन चालू. छतावरच्या दोन्ही टोकांना आळीपाळीनं टेस्टर लावायचा, पायाखाली कोरडं लाकडी स्टूल. दोन्हीकडे अंधार असेल तर ठीक. टेस्टर पेटला तर बोर्डातली जोडणी बहुधा उलटी आहे.

बरोबर जोडणी अशी. बोर्डात आलेला लाल फेज बटणाच्या एका स्क्रूत जातो. दुसऱ्या स्क्रूतून निघालेली वायर छतावर दिव्याच्या फेजला. काळा न्यूट्रल बटणाला न शिवता सरळ दिव्याकडे जातो. हिरवी अर्थिंग फिटिंगच्या धातूच्या अंगाला. बटणातून परत जाणाऱ्या वायरीसाठी पुष्कळ जण उरलेली काळी वायर वापरतात आणि पुढच्या माणसाला ती न्यूट्रल वाटते. तसं करावंच लागलं तर तिच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळावी.

वायर आठ-दहा मिलिमीटरच सोलायची. बारीक तारा उजवीकडे पीळ देऊन दुमडायच्या, म्हणजे स्क्रूखाली भर येतो. स्क्रू तांब्यावर बसला पाहिजे, प्लास्टिकवर बसला तर आज लाइट लागतो आणि महिन्याभरात चरचर आवाज येऊन बटण काळं पडतं. स्क्रू आवळल्यावर वायर बोटांनी ओढून पाहायची. बाहेर उघडं तांबं दिसता कामा नये.

आता इन्व्हर्टर. आपल्याकडे लाइट जाते म्हणून घरोघरी तो आहे, आणि घरी काम करणाऱ्याला सगळ्यात मोठा धोका त्याचाच. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि त्याच क्षणी तो बॅटरीवरून बोर्डाला पुरवठा सुरू करतो. नुसता इन्व्हर्टर बंद केला आणि मेन चालू राहिला, तर मेनचा करंट त्याच्यातून आरपार पुढे जातो. म्हणून दोन्ही बंद करायचे: आधी इन्व्हर्टर, मग मेन. टेस्टर मेन पाडण्याआधीच एखाद्या चालू सॉकेटवर पेटवून पाहायचा, मगच बोर्डात घालायचा, आणि त्या बोर्डातल्या एकूण एक वायरीला लावायचा. एकाच बोर्डात घरची लाइन आणि इन्व्हर्टरची लाइन अशा दोन्ही वायरी सर्रास सापडतात. त्यांचे न्यूट्रल एकमेकांत जोडले गेले असतील तर आरसीसीबी (करंट गळाला की पुरवठा तोडणारा स्विच) विनाकारण पडत राहते.

धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) जुन्या घरांत काम वेगळं. सागाच्या कड्यांवर (छताच्या तुळयांवर) लाकडी पट्टी आणि तिच्यात कित्येकदा ॲल्युमिनियमची वायर. तिला तांब्याची वायर पिळून जॉइंट मारू नका. दोन धातूंचा तो जॉइंट कालांतरानं सैल होतो, तापतो, आणि वर लाकूड असतं. पूर्ण फेजची व न्यूट्रलची वायर बोर्डापासून नवीन ओढणंच योग्य. फिटिंगचे स्क्रू मात्र कडीत भक्कम बसतात. पीओपीच्या छतात तसं होत नाही, जड झुंबर मागच्या स्लॅबलाच धरावं लागतं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे आहे तेच बटण किंवा दिवा बदलायला आडकाठी नाही, नवा पॉइंट काढायचा तर लायसन्सधारक ठेकेदार लागतो. हा नियम मला मनापासून पटतो. भिंतीआड गेलेली चूक कोणाला दिसत नाही.

प्लेट लावण्याआधी तिच्या आतल्या बाजूला पेनानं लिहून ठेवा: कोणती एमसीबी, इन्व्हर्टरची लाइन आहे की नाही, काळी वायर कुठे फेज म्हणून वापरली आहे.