डिकीतून पडवीत

मुंबई-गोवा हायवेवर काही गाड्या दिसायच्या आधी ऐकू येतात, आणि त्यातही गाण्याच्या आधी ऐकू येते ती मागची नंबरप्लेट. डिकीतला बारा इंची वूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, पत्रा हलवतो, पत्र्यावरची प्लेट तडतडते, आणि आत बसलेला मात्र मजेत असतो. ज्याला ही तडतड सहन होत नाही, जो उतरून प्लेटच्या मागे ब्युटाइलची, म्हणजे कंप दाबणाऱ्या चिकट रबराची, पट्टी चिकटवतो, मग डिकीचं झाकण बोटाने ठोकून बघतो, मग दाराचं पॅड उघडून आतल्या भोकांवर शीट लावतो, त्याचा छंद धंद्याच्या वाटेला लागला असं समजावं. चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी, कुठेही जा, असा एखादा पोरगा भेटतोच. आणि यातून पोटापाण्याचं काय, असं त्याला विचारणारे घरचेही.

पोटापाण्याचं होतं, घरातले आणि देवळातले स्पीकर बनवून-दुरुस्त करून. फक्त मधे एक खड्डा आहे, आणि तो खणलेला असतो गाडीनेच.

गाडी स्पीकरचे फार लाड करते. काचा वर केल्या की ती अडीच-तीन मीटर लांबीची बंद पेटी होते. ४० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४० कंपनांच्या, आवाजाची लाट साधारण साडेआठ मीटर लांब. एवढी लाट त्या पेटीत मावत नाही, म्हणून ती फिरतच नाही. आतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि एकदम सुटते, सायकलच्या पंपासारखी. ६०-६५ हर्ट्झच्या खाली उतरलं की या दाबामुळे बेस चढत जातो, हिशेबाने सप्तकामागे (कंपनं निम्मी झाली की एक सप्तक खाली) १२ डेसिबलपर्यंत. म्हणजे ३० हर्ट्झला सुमारे १२ डेसिबलची बक्षिसी, आणि १२ डेसिबल म्हणजे ताकदीत सोळापट. शंभर वॅटचा ॲम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारं यंत्र, सोळाशेचा असल्यासारखा वाजतो. वरच्या पंधराशेचं बिल गाडी भरते. शिवाय बंद खोक्यातला वूफर आपल्या मूळ कंपनाच्या खाली सप्तकामागे १२ डेसिबलनेच उतरत असतो. एकाचा उतार, दुसरीचा चढ, बेरीज सपाट. दारांच्या रबरांतून आणि पत्र्यातून थोडं गळतं, पण तक्रार करावी इतकं नाही.

आता तेच खोकं उचलून पडवीत ठेवा. चिऱ्याची भिंत, वर मंगलोरी कौलं, माळा अर्धा उघडा, दारं दिवसभर सताड. कौलाकौलांत फट आहे म्हणून घर थंड राहतं, आणि दाबही तिथूनच निसटतो. वूफर पूर्वीइतकाच मागे-पुढे होतोय, खुर्चीत बसलेल्याच्या छातीपर्यंत काही पोचत नाही. मालक म्हणतो, वूफर गेला. वूफर गेलेला नसतो, गाडी गेलेली असते.

इथे पहिली चूक ठरलेली: बेसचं बटण पिळायचं. १० डेसिबल वाढवले की ॲम्पकडे दहापट ताकद मागितली. ॲम्पकडे ती नसते, तो लाटेचे शेंडे छाटून देतो, स्पीकरच्या कोनामागची तारेची कॉइल तापते, आणि जळक्या वॉर्निशचा वास येतो. हा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी. दारातले साडेसहा इंची स्पीकर काढायचे, दहा लिटरचं छान खोकं करायचं, आणि ते घरात घुमायला लागले की लाकडाला दोष द्यायचा. दाराचा स्पीकर दारासाठीच घडवलेला असतो. दार म्हणजे मोठी, गळकी पेटी. तिथे मागच्या हवेचा आधार नसतो, म्हणून त्याचा क्यूटीएस (हलल्यावर कोन किती घुमत राहतो याचा आकडा) मुद्दाम चढा ठेवतात, समजा ०.७. व्हीएएस, म्हणजे त्याच्या लवचीकपणाइतकी हवा, समजा १५ लिटर. १५ ला खोक्याच्या १० ने भागलं, १.५, एक मिळवला, अडीच, वर्गमूळ १.५८, गुणिले ०.७, उत्तर १.१, हा खोक्यात बसल्यावरचा घुमण्याचा आकडा. सपाट बेससाठी हा आकडा ०.७ च्या आसपास लागतो. १.१ ला जवळपास २ डेसिबलचा फुगवटा येतो आणि प्रत्येक ठोका ‘ढुम’च्या ऐवजी ‘ढूऽऽम’ होतो. खोकं कितीही मोठं केलं तरी उत्तर स्पीकरच्या मूळ ०.७ च्या खाली जात नाही. त्यामुळे अशा स्पीकरला एक तर खूप मोठं खोकं द्यायचं, नाहीतर तो दारातच राहू द्यायचा. क्यूटीएस ०.४ चा आणि व्हीएएस २० लिटरचा स्पीकर घेतला तर साडेनऊ लिटरांत काम भागतं. खरेदी करताना वॅटचा आकडा बघणारे पुष्कळ, हे दोन आकडे बघणारा विरळा.

हे आकडे आपल्याला आयते मिळाले आहेत. कॉइल-मॅग्नेट-कागदाचा कोन ही रचना राइस आणि केलॉग या अमेरिकन इंजिनिअरांनी १९२५ मध्ये मांडली आणि शंभर वर्षांत ती मुळातून बदललेली नाही. पण खोकं किती लिटरचं करायचं हे बराच काळ सुताराच्या आणि कानाच्या अंदाजावर चाललं. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये पाइप असलेल्या, म्हणजे बेसला आधार द्यायला भोकात नळी बसवलेल्या, खोक्याचं गणित मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढे नेलं, आणि आज स्पीकरसोबत येणाऱ्या कागदावर ‘थील-स्मॉल’ म्हणून जे छापलेलं असतं ते हेच. ज्या स्पीकरसोबत हा कागद नाही तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, असं माझं मत आहे. फार तर गाडीत लावावा, गाडी सांभाळून घेते.

गाडीतून घरात येताना आणखी एक बारीक सापळा लागतो, ट्वीटरच्या (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरच्या) पायाला डकवलेला, खालचे सूर अडवणारा ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. चार ओहमच्या ट्वीटरवर तो साडेआठ हजार हर्ट्झच्या वरचं सोडतो. तोच काढून घरच्या आठ ओहमच्या ट्वीटरवर लावला की सव्वाचार हजारापासूनचं सोडायला लागतो. ट्वीटर बिचारा आपल्या आवाक्याबाहेरचं ओझं उचलतो आणि एखाद्या लग्नात मान टाकतो.

लाकडाचं मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण घाटावर लिहिलेलं सगळं इथे चालत नाही. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, स्पीकरवाल्यांचं लाडकं: एकसारखं, जड, लाकूड कोरायच्या राऊटरखाली लोण्यासारखं. पण जुलैत आपल्याकडे हवेतला दमटपणा नव्वदीला टेकतो. एमडीएफच्या कापलेल्या कडा तो पिऊन घेतात, फुगतात, स्क्रूची भोकं भुसभुशीत होतात आणि स्पीकर एके दिवशी पुढे झुकतो. इथे १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्यावा, आयएस ७१० चा शिक्का बघून. शिक्क्यावर थांबू नये, फळी आडवी ठेवून सगळीकडे बोटाच्या पेराने ठोकावी. मधल्या थरात पोकळी असेल तिथे आवाज बदलतो, आणि पुढे नेमका तोच तुकडा वूफरच्या शेजारी आला की एका ठरावीक सुरावर भुंग्यासारखा गुणगुणतो.

आठ बाय चारच्या एका फळीतून ३० लिटरची चार खोकी निघतात, पण जेमतेम. आतलं माप २५ बाय ३० बाय ४० सेंटिमीटर धरा. पुढची-मागची आठ पानं २८.६ बाय ४३.६ ची, बाजूची आठ ४३.६ बाय ३० ची, वर-खालची आठ २५ बाय ३० ची. फळी आधी लांबीच्या दिशेने तीन पट्ट्यांत फाडायची: दोन ४३.६ च्या, एक ३० ची. बाजूच्या पानांच्या पट्टीत आठ तुकड्यांना २४० सेंटिमीटर लागतात, करवतीचं पातं सात कापांत मिळून दोन सेंटिमीटर खातं, आणि २४४ पैकी जेमतेम दोन उरतात. कडा ठेचलेली असेल तर तेही नाहीत. म्हणून सुताराकडे नुसतं ‘चार खोकी काढ’ म्हणून फळी टाकू नये, कागद काढून द्यावा. चांगला सुतार कागद बघून हसतो आणि तसंच कापतो.

सांध्यांना पाण्याला टिकणारा मरीन गोंद, स्क्रू स्टेनलेसचे. आतून सगळ्या कडांवर सीलंटची रेघ. पॉलिशचं काम गणपतीच्या घाईत श्रावणात काढलं की लॅकर पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. ऑर्डर पावसात घ्यावी, कापाकापी पावसात करावी, पॉलिश मात्र उघडीप बघूनच.

खोक्यात बेससाठी बसवायच्या पाइपाला नळाच्या दुकानातला ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी चालतो. आतला व्यास ७ सेंटिमीटर भरला आणि ३० लिटरचं खोकं ४५ हर्ट्झला लावायचं असेल तर लांबी १४ सेंटिमीटर येते. मॅग्नेट, आधाराची पट्टी आणि खुद्द पाइप मिळून दोन-अडीच लिटर खातात, तो हिशेब धरला की साडेपंधरा. सतराचा कापावा आणि मोजत मोजत कमी करावा. कापलेला पाइप वाढत नाही.

मोजणीसाठी यूएसबीचा माइक आणि फुकट मिळणारं आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर पुरतं. जागा मात्र शहरातल्यांना हेवा वाटावा अशी आपल्याकडे आहे: खळं. भात झोडून झालं, खळं मोकळं झालं की पहाटे, वारा आणि कावळे जागे व्हायच्या आत, स्पीकर जमिनीवर, माइकही जमिनीला टेकून दोन मीटरवर. भिंती लांब असल्यामुळे प्रतिध्वनी उशिरा येतो, जमिनीचा वेगळा प्रतिध्वनी उरतच नाही. शेणाने सारवलेली जमीन वरच्या सुरांना थोडी मऊ पडते, तिथे माइकखाली सनमायकाचा तुकडा टाकावा. खोकं २९ सेंटिमीटर रुंद असेल तर आलेखात ४०० हर्ट्झच्या आसपास पायरी दिसते: वरचे सूर खोक्याच्या तोंडामुळे पुढे फेकले जातात, खालचे मागेही वळतात आणि मोकळ्यावर ६ डेसिबलपर्यंत हलके पडतात. गाडीत ही पायरी कधी भेटलेली नसते. म्हणून पहिलं घरगुती खोकं गाडीच्या कानाला नेहमी किरटं वाटतं. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे वरचे-खालचे सूर वाटून देणाऱ्या सर्किटच्या, कॉइलने वरचा भाग तीन-चार डेसिबल खाली आणला की माणसाचा आवाज माणसाचा वाटतो.

तरीही सुरुवात नव्या खोक्यापासून करू नये. सुरुवात जळालेल्या स्पीकरपासून. रिपेरिंगच्या टेबलावर गावातला प्रत्येक मृत्यू उघडून बघायला मिळतो. जुना कोन सोडवायचा, चिकटपट्टी दुमडून मॅग्नेटच्या खाचेत फिरवायची. ती वर येते तेव्हा लोखंडाचा कीस आणि किनाऱ्याजवळच्या गावांत गंजाची पूड घेऊन येते. त्यातला एक कणही कॉइलला खरवडतो. मग नवी कॉइल मधोमध धरायला जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या, वेटोळ्याचा अर्धा भाग मॅग्नेटवरच्या पत्र्याच्या वर, अर्धा खाली. स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारं लवचीक कापड) चिकटवा, कोन चिकटवा, आणि एक दिवस हात लावू नका. पावसात दोन. फिल्म काढल्यावर कोन बोटांनी अलगद दाबून कान लावायचा: नुसता श्वास ऐकू आला तर जमलं, खरखर आली तर परत. आठ ओहमच्या स्पीकरला मल्टिमीटर साडेपाच ते सात दाखवतो, आठ दाखवत नाही, घाबरू नये. दीड व्होल्टचा सेल लावून अधिकला अधिक जोडल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. फोमच्या कडा इथे काही वर्षांत भुगा होतात, त्या जागी रबराच्याच लावाव्यात.

आणि गिऱ्हाईक? हौशी संगीतवाला वर्षातून एखादा येतो. रोजचं गिऱ्हाईक म्हणजे भजन मंडळं, दशावताराच्या कंपन्या, देवळं. त्यांना डिकीतला बेस नको असतो. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, बुवाने समोरच्या बुवाला मारलेला टोमणा मागच्या रांगेतल्या म्हातारीला कळला पाहिजे, पखवाजाचा बोल सुटा पडला पाहिजे, झांजेसारख्या चकीने कान फाटता कामा नयेत. यासाठी माइकच्या वाटेवर ८० हर्ट्झच्या खालचं सरळ कापून टाकायचं. बेसवर वाढलेल्या पोराच्या हाताला हे करणं जड जातं. वॅटपेक्षा इथे संवेदनशीलता कामाची, म्हणजे एका वॅटला एका मीटरवर किती आवाज निघतो ते: ८८ डेसिबलचा स्पीकर आणि ९७ चा, यांत ॲम्पच्या ताकदीचा आठपट फरक. आलेखात जिथे उंचवटा असेल त्याच सुरावर माइक पहिली शिट्टी मारतो, तेव्हा खळ्यात मोजलेली सपाट रेघ इथे पैसे परत करते.

गाडीने शिकवलेलं एक मात्र जसंच्या तसं कामाला येतं: बारा व्होल्ट. वादळात लाइट गेली की भजन थांबत नाही. चार ओहमवर बॅटरीवरचा साधा ॲम्प वीसेक वॅट देतो, टेपच्या खोक्यावर पन्नास लिहिलेले असोत. ९७ डेसिबलच्या स्पीकरला देवळाच्या सभामंडपात वीस खूप झाले. सात अँपिअर-तासांची बॅटरी सरासरी एक अँपिअरवर कागदावर सात तास चालते, पण लेड-ॲसिड तळापर्यंत रिकामी करायची नसते, तीन-साडेतीन तास धरावेत. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, वायर टिनचा मुलामा असलेल्या तांब्याची. वरून तांबं आणि आतून ॲल्युमिनियम असलेली वायर खाऱ्या वाऱ्यात टर्मिनलपाशी पांढरी भुकटी होऊन सुटते, आणि सुटते ती नेमकी गजराला. रात्री दहाला आवाज बंद करायचा कायदा आहे, त्यात बॅटरीला सूट नाही.

दिलेलं खोकं पावसानंतर एकदा तपासायला मागून घ्यावं. टर्मिनल हिरवी पडली का, जाळी गंजली का, हे बघायचंच. पण बेस अचानक गेला अशी तक्रार असेल तर स्क्रूड्रायव्हर लांब ठेवून आधी पाइपात टॉर्च मारावा. सात सेंटिमीटरचा गोल, कोरडा, अंधारा बोगदा कुंभारीण माशीला फार आवडतो. आत मातीची दोन-तीन मडकी बांधून तिने पाइप अर्धा बुजवलेला असतो. सुकी माती लाकडी काडीने सुटते. ती आत वूफरच्या कोनावर पडू नये म्हणून खोकं पाइपाच्या तोंडावर उपडं धरायचं.