गिअरबॉक्स उतरवला, थरथर तशीच

बिल १ लाख ८६ हजारांचं होतं आणि गाडी तरीही थरथरत होती. काटोलकडच्या एका निवृत्त शिक्षकांची ही पेट्रोल ऑटोमॅटिक, सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. मे महिन्यात कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने गिअरबॉक्स उतरवला, टॉर्क कन्व्हर्टर नवा टाकला, गिअरबॉक्समधल्या क्लचना तेलाचा दाब वाटून देणारी व्हॉल्व्ह बॉडी बदलली, ऑइल नवं भरलं. डिसेंबरात गाडी माझ्याकडे आली तेव्हा जुनी तक्रार होती तिथेच होती आणि जोडीला एक नवी उभी राहिली होती. माझं गॅरेज नागपूरजवळ वाडीला, अमरावती रोडला लागून आहे. दुसरीकडे हात टेकलेल्या गाड्यांचा दोष शोधणं हेच माझं मुख्य काम.

सर आणि काकू दोघंही आले होते. सरांच्या हातात फाइल, तिच्यात तारखेवार लावलेली बिलं.

"भाऊ, मृगाच्या संत्र्याचे सारे पैसे याच्यातच गेले," सर म्हणाले. "आता शोरूमवाले म्हणून रायले का कम्प्युटरमध्ये काहीच दाखवत नाही, गाडी ओके हाये. मंग मले जे लागते ते काय हाये?"

अशा वेळी मी बॉनेट उघडत नाही, स्कॅनरही लावत नाही. आधी विचारतो. केव्हा होते, किती वेगात, चढावर की सपाटीला, गाडी थंड असताना की तापल्यावर. सरांनी शिक्षकाच्या शिस्तीनं सांगितलं. जुनी तक्रार अशी की वेग ६० ते ७० आणि ॲक्सिलरेटरवर पाय हलका असला, रस्ता थोडा चढता असला, की गाडी रस्त्यावरच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. नवी तक्रार रिपेअरनंतरची. सकाळी पोर्चमधून काढताना रिव्हर्स टाकला की तीन-चार सेकंद काहीच होत नाही, मग एकदम झटका बसतो.

काकू तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "चढावर एसी बंद केला का थरथर कमी होते. मी कवाची सांगून रायली. तिथं कोनी लिहूनच घेतलं नाही."

मी ते लिहून घेतलं. शेवटी सगळ्यात जास्त उपयोग त्या एका वाक्याचाच झाला.

फाइलमध्ये मेमधलं जॉब कार्ड होतं. ग्राहकाची तक्रार या रकान्यात तीन शब्द: गिअरबॉक्समध्ये प्रॉब्लेम आहे. सरांना विचारलं तेव्हा कळलं, शेजारच्या एकानं गाडी चालवून पाहिली आणि गिअरबॉक्सचं नाव घेतलं. सरांनी ते काउंटरवर सांगितलं, ॲडव्हायझरनं तसंच टाइप केलं. वेग नाही, चढ नाही, एसी नाही. मला या रकान्याचा मनापासून राग येतो. दवाखान्यात आपण पोटात दुखतं म्हणून सांगतो, कुठलं ऑपरेशन करायचं ते सांगत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र ग्राहकाच्या तोंडून पार्टचं नाव निघालं की ते तसंच कार्डावर चढतं आणि पुढचे सगळे त्याच पार्टकडे बघत राहतात.

वर्कशॉपनं कन्व्हर्टरवर संशय घेतला यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे जाते, त्यात थोडी घसरण असते. पेट्रोल वाचावं म्हणून एकसारख्या वेगात आतला लॉकअप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो. तो क्लच झिजला किंवा तेल खराब झालं की नेमक्या याच वेगात, नेमक्या हलक्या ॲक्सिलरेटरवर अशीच थरथर येते. पण लॉकअप लागला की इंजिनाचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, खाली येतात आणि भार तेवढाच राहतो. इंजिनात बारीक मिसिंग असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनच पेटत नसेल, तर तेही याच क्षणी उघडं पडतं. ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्याला दोन्ही थरथरी सारख्याच लागतात. त्यांतली कोणती, हे तपासायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कोणी दिली होती याचा फाइलमध्ये कुठे पत्ता नव्हता.

सकाळची तक्रार सकाळीच बघायची असते. गाडी रात्रभर माझ्याकडे ठेवून घेतली. सर आणि काकू त्रिमूर्तीनगरला मुलीकडे मुक्कामाला गेले.

नागपूरचा डिसेंबर. पहाटे गॅरेजचं शटर वर केलं तेव्हा पत्रा हाताला गार लागत होता. स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान १३ अंश. स्टार्ट केली, ब्रेक दाबून रिव्हर्स टाकला. काही नाही. काही नाही. मग धाडकन झटका. सर सांगत होते तस्संच.

शोरूमला हे का दिसलं नाही, ते लगेच लक्षात आलं. काटोलहून नागपूर साधारण साठ किलोमीटर. सर सकाळी निघणार, दहा-अकराला तिथं पोचणार. तोवर तेल गरम झालेलं, कन्व्हर्टर भरलेला. ट्रायलला गाडी घेतली की रिव्हर्स लोण्यासारखा लागणार. दोष काटोलला पोर्चमध्येच राहत होता आणि गाडी तेवढी शहरात येत होती. "रात्रभर ठेवून जा" असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

गाडी लिफ्टवर घेतली. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही, आजकाल बहुतेकांना नसते. खाली एक लेव्हल प्लग असतो. गाडी अगदी सपाट, इंजिन चालू, सगळ्या गिअरमधून लिव्हर फिरवलेलं, आणि तेल ठराविक तापमानात असताना तो प्लग उघडायचा. बारीक धार येऊन थेंबांवर आली की लेव्हल बरोबर. ते ठराविक तापमान कंपनीप्रमाणे बदलतं, या गाडीला ३५ ते ४५ अंश होतं. स्कॅनरवर ३८ दिसल्यावर मी प्लग सोडला. एक थेंब आला नाही. भरत गेलो, आणि धार यायला सुमारे पाऊण लिटर तेल लागलं.

आता सकाळच्या झटक्याचं गणित जुळलं. रात्रभरात कन्व्हर्टरमधलं बरंच तेल खाली उतरतं. सकाळी स्टार्ट केल्यावर पंप आधी कन्व्हर्टर भरायला घेतो, तेवढ्यात खालच्या पॅनमधली पातळी उतरते. तेल मुळातच कमी असेल तर पंप हवा ओढतो, क्लचला दाब मिळत नाही, आणि मिळतो तेव्हा एकदम मिळतो. हे असंच चालू राहिलं असतं तर नुकत्याच दुरुस्त झालेल्या गिअरबॉक्सचे क्लच थोडे थोडे जळत गेले असते.

तेल कमी का भरलं गेलं असेल? इथं मला नागपूरच्या मे महिन्याबद्दल बोलायचं आहे. बाहेर ४४-४५ अंश असताना पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली गाडी न चालवताच त्या तापमानाच्या वरच्या टोकाला पोचलेली असते. इंजिन सुरू केलं की काही मिनिटांत तेल मर्यादेबाहेर. तापलेलं तेल फुगतं, प्लग उघडला की फुगलेलं तेवढं वाहून जातं आणि धार थांबली म्हणून माणूस प्लग घट्ट करतो. गार झाल्यावर पातळी कमीच. उन्हाळ्यात हे काम आपल्याकडे भल्या सकाळीच व्हायला हवं, स्कॅनर लावून. अर्थात नुसत्या फुगण्यानं पाऊण लिटरचा फरक पडत नाही. नवा कन्व्हर्टर कोरडा असतो, तो इंजिन चालल्यावर तेल पितो. तो पुरता भरण्याआधीच लेव्हल पाहिली गेली असावी असा माझा अंदाज. डोळ्यांनी पाहिलेलं नाही म्हणून अहवालात मी तो अंदाज म्हणूनच लिहिला.

गिअरबॉक्सचं ॲडॅप्टेशन, म्हणजे कुठल्या क्लचला किती दाब द्यायचा याचा कंट्रोल युनिटनं शिकलेला हिशोब, रीसेट करून पुन्हा शिकवलं. व्हॉल्व्ह बॉडी बदलल्यावर हे करावंच लागतं, नाहीतर कंट्रोल युनिट जुन्या व्हॉल्व्ह बॉडीच्या हिशोबानं दाब देत राहतं. त्यानंतर सर-काकूंना बोलावून घेतलं आणि तिघं काटोल रोडला निघालो. मी चालवत होतो, सर बाजूला, काकू मागे.

फेटरीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. ६५ चा वेग, एसी चालू, हलका चढ. थरथर आली. मागे कोणी नाही हे आरशात पाहून मी उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवला आणि डाव्या पायानं ब्रेक नुसता टेकवला. ब्रेकचा स्विच लागला की लॉकअप सुटतो. आरपीएम दोन-अडीचशेनं वर गेले, म्हणजे लॉकअप नक्की सुटला. थरथर तशीच राहिली.

"पाहा सर," मी म्हटलं, "कन्व्हर्टरची असती तर आत्ता थांबली असती."

सर काही बोलले नाहीत. काकूंनी मागून विचारलं, "मंग एसी?"

एसी बंद केला. थरथर अर्ध्यावर आली. कॉम्प्रेसरचा भार गेला की सिलिंडरमधला दाब थोडा कमी होतो आणि कमजोर ठिणगीलाही उडी मारायला जमतं. चढ आणि एसी एकत्र आले की जमत नाही. काकूंनी महिनोन्‌महिने शेजारच्या सीटवर बसून जे टिपलं होतं ते इग्निशनकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेकडे, बोट दाखवत होतं.

गॅरेजला येऊन लाइव्ह डेटा उघडला. प्रत्येक सिलिंडरच्या मिसफायरची मोजणी वेगळी दिसते. पहिला, दुसरा, चौथा जवळजवळ शून्यावर, तिसऱ्याची मोजणी वाढलेली. चेक इंजिनचा दिवा मात्र बंद, कारण मिसफायर ठरलेल्या मर्यादेच्या वर गेल्याशिवाय दोषाचा कोड पडत नाही. "कम्प्युटरमध्ये काही नाही" याचा अर्थ फक्त कोड नाही एवढाच असतो. तिसऱ्याची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग, पहिल्यावर लावली, पहिल्याची तिसऱ्यावर, आणि पुन्हा त्याच चढावर जाऊन आलो. आता मोजणी पहिल्यावर वाढली होती. दोष कॉइलबरोबर सरकला. प्लग काढले तर चारही मूळचेच निघाले, ७० हजार किलोमीटर झालेले, टोकांमधलं अंतर झिजून वाढलेलं. अंतर वाढलं की कॉइलला दर ठिणगीला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, त्यातच एक कमजोर पडली असणार. नवी कॉइल, चार प्लग. दहा हजारांच्या आत काम झालं.

त्यानंतरच्या ट्रायलला गाडी सरांनी चालवली. चढ आला, एसी चालू होता, गाडी पाण्यासारखी गेली. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "मंग ते दोन लाखाचं काम लागत होतं का नव्हतं?"

या प्रश्नाचं उत्तर देणं मला त्या सगळ्या कामात सर्वांत जड गेलं. ज्या थरथरीसाठी गिअरबॉक्स उतरवला ती गिअरबॉक्सची नव्हती, हे मी मोजून सांगू शकत होतो. जुना कन्व्हर्टर आणि जुनी व्हॉल्व्ह बॉडी बरी होती की नाही, हे सांगू शकत नव्हतो, कारण ते पार्ट आता कुठेच नव्हते. बिलावर बारीक अक्षरांत "जुने पार्ट परत नकोत" या चौकोनात खूण होती आणि खाली सरांची सही. सह्या घेताना पानं भराभर उलटवली गेली होती, एवढंच त्यांना आठवत होतं. महाग पार्ट बदलला तर जुना गाडीत टाकून द्या, असं मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला सांगतो. भंगारात त्याची किंमत नसेल, पण वाद झाला तर बोलणारा तोच एक असतो.

मी सरांना लेखी अहवाल दिला. तापमानासकट प्रत्येक रीडिंग, पहाटेच्या रिव्हर्सचा व्हिडिओ, लेव्हल प्लग उघडतानाचा स्कॅनरसकट व्हिडिओ, कॉइल बदलण्याआधीची आणि नंतरची मोजणी. जुनी कॉइल आणि प्लग सरांसमोर पाकिटात घालून, तारीख टाकून, दोघांच्या सह्या करून सील केले. सर ते घेऊन वर्कशॉपच्या मॅनेजरकडे गेले. पहिलं उत्तर आलं ते नेहमीचं: बाहेर गाडी खोलली, आता रिपेअरची वॉरंटी गेली. मी फोनवर सांगितलं की गिअरबॉक्सचा मी फक्त लेव्हल प्लग उघडला, व्हिडिओत वेळेसकट दिसतं. मग सूर बदलला. पुढची सर्व्हिस फुकट करून देऊ म्हणाले. सर म्हणाले, मले फुकट काही नाही पाहिजे, माह्या पैशाचा हिशोब पाहिजे.

मी वकील नाही, पण माझ्याकडे अशी माणसं येत राहतात म्हणून काही गोष्टी माहीत झाल्या आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. कामासाठी आपण दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि वकील न लावता स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. हे ऐकून सर जरा सरळ बसले. मुदतीचा आकडा त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

वर्कशॉपला त्यांनी स्वतःच्या अक्षरात मराठीत नोटीस लिहिली आणि स्पीड पोस्टानं पाठवली. तीत काकूंचं एसीचं वाक्य आहे, आणि मे महिन्यात ते काउंटरवर सांगितलं होतं हेही आहे. तिकडून अजून उत्तर आलेलं नाही. प्रकरण आयोगापुढे गेलं तर अहवालाबद्दल सांगायला येशील का, असं सरांनी मला विचारलं. मी हो म्हटलं आहे.