पुंगळ्या

"मामा, गोळी झाडल्यावर खाली पडलेल्या या रिकाम्या पुंगळ्या जातात कुठे?"

भाचा मी बनवत असलेल्या गेमची लेव्हल खेळून बघत होता. अमळनेरचं ऊन, कूलरची घरघर. म्हटलं, 2 सेकंदांनी मीच पुसतो त्या. नाहीतर ढीग साचतो अन् मोबाईल अडकतो.

उत्तर बरोबरच होतं, पण नंतर कीबोर्डवर हातच चालेना. फौजेत असताना फायरिंग रेंजवर इन्सास रायफलची 20 गोळ्यांची मॅगझिन रिकामी केली की 20 पुंगळ्या मोजून द्यायच्या. एक कमी भरली की सगळे गवतात गुडघ्यांवर! 15 वर्षं हेच केलं.

चहा ठेवता ठेवता आई म्हणाली, "आते बी बंदूकच शे का रे भाऊ?"

रात्री भिंतीकडेची एक पुंगळी तशीच राहू दिली. खेळणाऱ्या कुणाला दिसेल का ती?