तुम्हालाच एवढे कोळी दिसतात कुठे?

"आम्हीही रोज वेताळ टेकडीवर जातो, मग तुम्हालाच एवढे कोळी दिसतात कुठे?" पुण्यातल्या या टेकडीवरचे माझे फोटो पाहिले की हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ, "कॅमेरा कोणता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कॅमेऱ्याचं सोडा, ऊन कुठून येतंय ते बघा.

सकाळचं ऊन पाठीवर असेल तर जाळं दिसत नाही. उन्हाकडे तोंड करून जरा वाका, रोजच्याच उंदीरमारीच्या फांद्यांमध्ये धागे चमकायला लागतात. पावसाळा सरता सरता दव पडू लागलं की गवतावर अंथरलेली जाळी तर उभ्याउभ्याही दिसतात. त्यांना नरसाळ्यासारखं बीळ असतं. पाऊल जोरात पडलं की कोळी आत पसार.

फोटोसाठी सोयीची सिग्नेचर स्पायडरची मादी. जाळ्याच्या मधोमध डोकं खाली करून बसते, पाय दोन-दोन जुळवून, त्यामुळे लांबून चारच वाटतात. पायांच्या रेषेत जाड, पांढरी नागमोडी वीण असते. ती भक्ष्याला भुलवण्यासाठी की पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. फार जवळ गेलात की बाई अख्खं जाळं गदागदा हलवतात. तेव्हा थांबायचं. ऑटोफोकस तसाही मागच्या पानांवर जातो. तो बंद करून हातानेच फोकस करावा. जाळ्याच्या कडेला एखादा किरकोळ तपकिरी जीव दिसला तर तो बहुधा नर.

आणि काटेरी झुडपात अडकलेला जो कचरा समजून तुम्ही पुढे जाता, तो एकदा नीट बघा. वाळकी पानं गुंफलेलं मळकट जाळं असेल, तर ती स्टेगोडायफस नावाच्या कोळ्यांची वसाहत असू शकते. बहुतेक कोळी एकलकोंडे, हे मात्र एकत्र राहतात आणि मोठा किडा मिळून लोळवतात. आई पिल्लांना तोंडातून द्रव भरवते आणि शेवटी पिल्लं तिलाच खातात. नाश्त्याला बसल्यावर मी हे सांगत नाही.

जाळ्यावर पाणी फवारून दवाचे फोटो काढणाऱ्यांशी माझं पटत नाही. दव हवं तर लवकर उठावं.

चावतात का? चिमटीत धरलंत तर चावतीलही. मी धरत नाही.