तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलं लिनक्स घालू?

"कुठलं लिनक्स घालू, एकदाचं नाव सांग ना." लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी मोफत प्रणाली, आणि तिचे प्रकार पुष्कळ. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले, तेव्हापासून हे वाक्य मी फोंड्याच्या बाजारात ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, देवळात आरतीची वाट बघतानाही ऐकलंय. मी उलट विचारते, "तुमचं मराठी कुठल्या फाँटात आहे?" लगेच समोरच्याचा चेहरा पडतो. ही टाळते, भाव खाते, असं मागून बोललं जातं तेही माझ्या कानावर आलंय. म्हणून आज नीट सांगते.

नुसतं नाव हवं असेल तर घ्या: लिनक्स मिंट, त्यातलं सिनॅमन नावाचं रूप. रॅम चारच जीबी असेल तर मिंटचंच हलकं रूप, एक्सएफसीई. मिंट २००६ पासून आहे, उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या पायावर उभं आहे, आणि सध्याच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. विंडोजवरून आलेल्याला मेनू नेहमीच्याच कोपऱ्यात सापडतो. फेडोरा हे आणखी एक लिनक्स, तेही चांगलं, पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते, मग पुढची घ्यावीच लागते. आर्च हे सगळं हाताने जुळवावं लागणारं लिनक्स शिकण्यासाठी जरूर घाला, पण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या संगणकावर नको.

मिंट पेन ड्राइव्हवर घ्या, त्यावरूनच संगणक सुरू करा आणि काही न बसवता तासभर वापरा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, ते तिथेच कळतं. शेजारी विंडोज ठेवणार असाल तर त्याचं फास्ट स्टार्टअप (संगणक पूर्ण बंद न करता पटकन उठवायची सोय) आधी बंद करा, नाहीतर लिनक्सला डिस्कच्या विंडोजवाल्या भागात फायली ठेवता येत नाहीत. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ते उघडणारा आकडा, त्याची रिकव्हरी की, कागदावर लिहून घ्या. 'इरेज डिस्क' (सगळं पुसून बसवणं) आणि 'इन्स्टॉल अलाँगसाइड' (विंडोजच्या शेजारी बसवणं) या दोन पर्यायांतला फरक कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. एवढं कुठलाही व्हिडिओ सांगतो. मराठी माणसाचं घोडं जिथे अडतं ते मी मास्तरांच्या घरी पाहिलं.

मास्तर आमच्याच वाड्यावरचे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले. जत्रेला पालखीनंतर होणाऱ्या नाटकाची संहिता वर्षानुवर्षं तेच लिहीत आलेत. त्यांचा हात मराठी टाइपरायटरवर बसलेला. संगणक घेतला तेव्हा कळांचा तोच क्रम ठेवणारं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं जुळवायचं सॉफ्टवेअर घेतलं, डाँगल (किल्लीसारखं संगणकाला खोचायचं छोटं यंत्र) लावल्याशिवाय न चालणारं. सगळी नाटकं त्यात.

मी त्यांचा संगणक घालवला, असं जे बोलतात त्यांच्यासाठी आधी सांगते: काहीही गेलं नाही. विंडोज जागच्या जागी होतं, फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर होती. मिंट पहिल्याच खेपेला उठलं, मास्तर पुण्याच्या नातीशी व्हिडिओ कॉलवर पोटभर बोलले. मग त्यांनी त्या वर्षीच्या नाटकाची फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं आणि टोप्या, मधेच डॉलरची खूण. देवनागरी औषधाला नाही.

"बाय, हें कितें?" संगणकाचं बोलणं ते माझ्याशी नेहमी मराठीत करत. त्या वेळी कोकणी आली.

मी समजावलं. या जुन्या फाँटांत 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसतो. साठवलेला असतो एखाद्या इंग्रजी अक्षराचा क्रमांक, आणि फाँट त्या जागी 'क'चं चित्र काढतो. फाँट नसला की आत खरं काय आहे ते उघडं पडतं. युनिकोड ही सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्यात देवनागरीला स्वतःचे क्रमांक १९९१ सालीच मिळाले, लिनक्सचा जन्मही त्याच वर्षीचा. आपल्याकडच्या पत्रिका, अहवाल, संहिता मात्र पुढे कितीतरी वर्षं जुन्याच पद्धतीने होत राहिल्या.

विंडोजच्या भागातून फाँट उचलून मिंटमध्ये ठेवला. अक्षरं दिसू लागली, मास्तर खुर्चीत मागे टेकले. मग दुसऱ्या अंकातला एक संवाद बदलायला त्यांनी कळ दाबली, तर भलतंच उमटलं. अक्षर दिसायला फाँट पुरतो, टाइप करायला ते सॉफ्टवेअर लागतं, आणि ते फक्त विंडोजचं.

शेवटी मी फाइल युनिकोडमध्ये बदलून पाहिली. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवतात, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचं नेमकं उलट. प्रोग्रॅमला ही सगळी अदलाबदल करावी लागते, आणि जोडाक्षर किंवा काना आडवा आला की तो गडबडतो. 'धर्मा'चं 'धमर्ा' झालं. 'स्थिती'ची वेलांटी अर्ध्या 'स'लाच लटकली. मास्तर पहिला प्रवेश मोठ्याने वाचू लागले. तालमीत नटांचे उच्चार सुधारणारे मास्तर स्वतःच लिहिलेल्या वाक्याला अडखळले, मागे जाऊन पुन्हा वाचलं, पुन्हा अडखळले. मी सांगत होते की हे हाताने दुरुस्त करता येतं, मी करून देते. त्यांनी "राहू दे" म्हटलं आणि संगणक बंद केला.

त्या वर्षीची संहिता त्यांनी वहीत हाताने लिहिली. नटांनी झेरॉक्स काढून पाठांतर केलं. कोणी मला शब्दाने काही म्हटलं नाही, पण तालमीच्या वेळी सभामंडपात जायला मला जड जायचं.

कॉलेजात असताना मी म्हणायचे, जुने फाँट म्हणजे निव्वळ आळस, युनिकोड शिका, मोकळे व्हा. त्या मुलीशी माझं अजून भांडण चालू आहे. तिचं अर्धं म्हणणं मला आजही पटतं: मास्तरांची नाटकं त्या डाँगलच्या कुलपात आहेत, उद्या तो मोडला तर विंडोजवरही त्यांना एक ओळ बदलता येणार नाही. लिनक्सने हे दुखणं निर्माण केलं नाही, फक्त लवकर दाखवलं. पण जत्रा तोंडावर असताना, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, ज्याची बोटं न बघता चालतात त्याला, 'कळा नव्याने शिका' म्हणणं मला जमलं नाही. लिनक्सवर मराठी टाइप करायला आयबस ही सोय आहे. तिच्यात कळांचे निरनिराळे क्रम मिळतात: इनस्क्रिप्ट आहे, गमभन आहे, टाइपरायटरचा क्रमसुद्धा आहे. तो टाइपरायटरचा मी त्यांना दाखवला. म्हणाले, जवळचा आहे, पण तोच नाही.

आज त्यांच्या संगणकावर दोन्ही आहेत. विंडोज इंटरनेटपासून तोडलेलं, फक्त नाटकांसाठी. बाकी सगळं मिंटवर. माझ्या लिनक्सवाल्या मित्रांना ही तडजोड वाटते, मास्तरांच्या मुलाला उगाच केलेली कटकट. दोघांनाही मी अजून पटवू शकलेले नाही.

म्हणून मी आधी फाँट विचारते. कोणाकडे भजनी मंडळाची वही टाइप केलेली असते, कोणाकडे देवस्थानची पत्रकं, कोणाकडे वडिलांच्या कविता. अशी एक फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन या. आपण ती मिंटमध्ये उघडू, एक ओळ बदलून बघू, एक पान छापू. हे तिन्ही जमलं तर त्याच दिवशी बसवून देते. नाही जमलं तर आधी त्या फायलींचं बघू, आणि त्याला वेळ लागेल. रफार आणि वेलांट्या तपासायला घरातलं कोणीतरी सोबत आणा, मला एकटीला ते होत नाही.