तारीख देण्याआधी मशीनवर विचारायचं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा छापखाना आहे. औषधांची आणि कॉस्मेटिक्सची खोकी छापतो. छपाई, पंचिंग (खोक्याच्या आकारात कापणं), पेस्टिंग (चिकटवणं) सगळं एकाच गाळ्यात. दादा मार्केट बघतो. हिशेब, पगार आणि माणसं माझ्याकडे. कोविडनंतर काम वाढलं आणि 9 जणांचा कारखाना बघता बघता विशीच्या पुढे गेला. ओळखीचे लोक अभिनंदन करायचे. इकडे मी मात्र सारखी नवा हेल्पर शोधत असायचे, कारण आलेला टिकत नव्हता आणि जुनेही कुरकुरायला लागले होते.

आमचा चांगला मशीनमन सोडून गेला तेव्हा मी त्याला चहाला बसवून सरळ विचारलं. पगाराची तक्रार नव्हती. म्हणाला, "ताई, रात्री थांबायलाही ना नाही. पण थांबायचंय हे संध्याकाळी सहाला कळतं. बदलापूरला पोचेपर्यंत पोरगी झोपलेली असते." दिवाळीचा बोनस, पूजेची जोरदार तयारी, वाढदिवसाचा केक, हे सगळं आमच्याकडे होतं. त्याचा या तक्रारीशी काही संबंध नव्हता.

मग मी जॉब कार्डांच्या, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदीच्या कार्डांच्या मागे दोन तारखा लिहून घ्यायला सुरुवात केली: माल देण्याची कबूल केलेली तारीख, आणि गिऱ्हाइकाकडून आर्टवर्क, म्हणजे छापायचं डिझाइन, मंजूर होऊन आलं ती. महिनाभराची कार्डं टेबलावर पसरली आणि चित्र स्पष्ट झालं. गिऱ्हाईक आर्टवर्क चार-चार दिवस उशिरा मंजूर करायचं. कधी पत्त्यातली एक ओळ बदलायची, कधी रंगाची शेड पसंत नसायची. पण डिलिव्हरीची तारीख जागची हलायची नाही. त्यांच्या ऑफिसातले चार दिवस आमच्या पंचिंगवाल्यांच्या रात्रीतून वसूल होत होते. आणि ती तारीख दिलेली असायची फोनवर, ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवता चालवता, दादाने.

यावर घरात बरेच दिवस वाद झाला. "अगं, तू मला गिऱ्हाईक तोडायला लावतेस," हे त्याचं पालुपद. अखेर तीन गोष्टी ठरल्या. तारीख देण्याआधी मशीनवर विचारायचं. दिवस मोजायचे ते मंजुरीपासून, दुपारी 12 नंतर मंजुरी आली तर दुसऱ्या दिवसापासून. आणि घाईचं काम घ्यायचं तर त्याचा ओव्हरटाइम कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवायचा. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. तो आम्ही देत होतोच, पण स्वतःच्या नफ्यातून, त्यामुळे गिऱ्हाइकाला त्याची झळ कधी लागलीच नव्हती. ती ओळ दिसायला लागल्यावर बरीचशी "आजच पाहिजे"वाली कामं "सोमवारी चालेल" झाली. एक जुनं गिऱ्हाईक गेलं. दादाला त्याचं अजून वाईट वाटतं. मला फारसं नाही, कारण त्यांचं पेमेंटही रखडायचं.

पेमेंटचं सांगायलाच हवं. पगार 7 तारखेच्या आत व्हायला हवा आणि ते गिऱ्हाइकांच्या पैशांवर अवलंबून. एमएसएमई कायदा 2006 चा आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत, करार नसेल तर 15 दिवसांत. पण मागणार कोण? आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आल्यावर, म्हणजे 2023-24 या आर्थिक वर्षापासून, मोठ्या कंपन्यांच्या अकाउंट्समधूनच फोन यायला लागले, "तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा," म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला. मुदत उलटून वर्षअखेरीलाही पैसे थकलेले असले तर त्यांना त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. मी बिलावरच उद्यम नंबर छापायला लावला.

ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) आणि पीएफचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा चिवट निघालं. 10 माणसं झाली की ईएसआयसी लागतं, 20 झाली की पीएफ. सीएने कागद सांभाळले, पण माणसांना पटवणं माझ्याकडे. पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच: हातात किती कमी येणार? मी फळ्यावर 18,000 पगार लिहिला. ईएसआयसीचे 0.75 टक्के, म्हणजे त्याचे 135 रुपये; आमचे 3.25 टक्के, 585. पीएफचे 12 टक्के मात्र सगळ्यांना बोचले. किसननगरहून येणारा एक हेल्पर म्हणाला, "तेवढ्यात माझं भाडं निघतं." खोटं नव्हतं ते. आम्ही त्या वर्षीची पगारवाढ अलीकडे ओढली, म्हणजे हातात येणारा आकडा निदान खाली गेला नाही. त्यानंतर आधारवर एक स्पेलिंग आणि बँकेत दुसरं, हा घोळ. यात किती दुपारी गेल्या ते विचारू नका.

पुढे पेस्टिंगच्या एका ताईंचं मनगट मोडलं, पावसात घसरून, घरी. ईएसआयसीतून आजारपणाच्या रजेचा 70 टक्के पगार सुरू झाला (वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतो). कामगार हॉस्पिटल इथेच वागळेत, तरी तिथल्या रांगेबद्दल त्यांनी मला चार शब्द ऐकवलेच. पण कुणाकडे उसने मागावे लागले नाहीत, हे त्यांनी स्वतः डब्याच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. त्यापुढे मला फळ्यावर आकडे मांडावे लागले नाहीत. 21,000 च्या वर पगार असलेले ऑपरेटर ईएसआयसीत बसत नाहीत. त्यांच्यासाठी ग्रुप मेडिक्लेम काढला.

10 किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाविरोधी अंतर्गत समितीही लागते, अध्यक्ष महिला, एक सदस्य बाहेरून घेतलेला. पेस्टिंगच्या बायकांना हे सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, समिती करा हो, पण आधी बाथरूमला आतून कडी लावा. तोवर ते सामाईक होतं आणि कडी तुटकी. वेगळं बाथरूम बांधलं, समितीही झाली, आणि पहिल्याच बैठकीत विषय निघाला तो आमच्या फोरमनच्या शिव्यांचा. माणूस कामाला वाघ, जीभ मात्र कुणाच्या ताब्यात नाही. दादा म्हणे, प्रेसलाइनमध्ये हे चालायचंच. फोरमनशी मी एकटीने बोलले नाही, दादाला बोलायला लावलं. त्यांनी एकमेकांना वीस वर्षं पाहिलंय. बाया दिसल्या की आता तो गप्प होतो. पोरांवर अजून सुटतो, महिन्यातून एखाद्या वेळी. सुटला की पोरं सरळ माझ्याकडे येतात, हे आधी होत नव्हतं.

आता नवा वाद दुसऱ्या पाळीचा. ऑर्डर आहेत, मशीन रात्री बंद असतं, बँकेचा हप्ता चालू असतो. दादाचं गणित चुकीचं नाही. माझं म्हणणं, आधी रात्रीला सुपरवायझर नेमायचा, तो दोन महिने दिवसपाळीत रुळू द्यायचा, मग माणसं भरायची. बायकांना संध्याकाळी सातनंतर थांबवायचं तर संमती आणि घरी सोडायची गाडी, तो खर्च कोटेशनमध्ये धरायचा. दादाने सध्या सुपरवायझरपुरतं मान्य केलंय. या आठवड्यात दोघांच्या मुलाखती आहेत.