चौघांचे मास्तर

स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असा निरोप आला तेव्हा नेहमीचे विषय डोळ्यांपुढे आले. पत्र्याची प्रयोगशाळा, पावसात गळणारा आठवी 'ब'चा वर्ग, ऊसतोड सुरू झाली की निम्म्यावर येणारी हजेरी. हे सगळं कोणीतरी लिहीलच, आणि माझ्यापेक्षा बरं लिहील. मला लिहायचंय ते आपल्या कबड्डीच्या सरांबद्दल. अडचण एवढीच, की शाळेत असताना ते सर मला कळलेच नाहीत. ते कळले पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात. तेही एका तिऱ्हाईत माणसाकडे बघता बघता. त्याचं नाव लॅरी जॉन्सन. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं, कारण या लेखाचा बराचसा भाग त्या माणसाचा आहे.

कोलंबसला मी नोकरीनिमित्त २००३ साली आलो. हे गाव ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉलवर जगतं. म्हणजे अमेरिकन फुटबॉलवर. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातातच. स्टेडियम घोड्याच्या नालेच्या आकाराचं, एक लाखाहून जास्त माणसं बसतात, आणि शनिवारी सामना असला की ते भरतं. व्यावसायिक संघासाठी नाही, कॉलेजच्या पोरांसाठी! विमानतळावर लाल टोपी दिसली की कोणीतरी "ओ-एच" असं ओरडतं आणि अनोळखी माणसं "आय-ओ" म्हणून उत्तर देतात; दोन्ही मिळून 'ओहायो'चं इंग्रजी स्पेलिंग. आमचा इथला मराठी मंडळींचा गणपती नेमका याच हंगामात येतो. सांस्कृतिक कार्यक्रमाची तारीख ठरवताना आम्ही आधी पंचांग नाही, सामन्यांचं वेळापत्रक बघतो. एका वर्षी बघितलं नव्हतं. नाट्यप्रवेशाला प्रेक्षक अकरा होते, त्यातले चार कलाकारांचे आईवडील.

पहिली दहा वर्षं मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. मोठमोठी माणसं एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, सगळे उठतात, परत आदळतात. माझी मुलगी शाळेत जायला लागली आणि तिने मला नियम शिकवले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्याला द्यायचा. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. पेपरात फोटो त्याचा, जाहिरातीत चेहरा त्याचा. आणि त्याला फेकू न देणारे समोरचे चौघे, ती डिफेन्सिव्ह लाइन. एक हात मातीला टेकवून वाकून बसतात. चेंडू हलला रे हलला की समोरच्या दीडदोनशे किलो... नाही, इतके नसतात, पण दीडशेच्या आसपासच्या पहिलवानाला बाजूला सारून आत घुसायचं. क्वार्टरबॅकला चेंडूसकट मागच्या मागेच लोळवला तर त्याला सॅक म्हणतात. सगळा कारभार तीन-चार सेकंदांचा.

तीन-चार सेकंद, वाकलेलं अंग, समोरच्याच्या पायावर नजर. मुलगी सांगत होती आणि मला आपलं मैदान दिसत होतं.

लॅरी जॉन्सन २०१४ च्या सुरुवातीला कोलंबसला आले, ते याच चौघांचे प्रशिक्षक म्हणून. पूर्ण संघाचे नव्हेत. मुख्य प्रशिक्षक होते अर्बन मायर. मोठं नाव, मोठा दरारा. ऑफिसातला माझा शेजारी मात्र त्या दिवशी वेगळ्याच आनंदात होता. "आपण पेन स्टेटचा मास्तर पळवला," म्हणाला. पेन स्टेट म्हणजे शेजारच्या पेनसिल्व्हेनियातलं विद्यापीठ, आमचं जुनं वैर. एका लाइनच्या मास्तरासाठी एवढा आनंद कशाला, म्हणून मी जरा शोधाशोध केली, आणि त्यात गुंतत गेलो.

जॉन्सन मूळचे नॉर्थ कॅरोलायनाचे. एलिझाबेथ सिटी स्टेट या कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या कॉलेजात ते लाइनबॅकर म्हणून, म्हणजे बचावाच्या लाइनमागच्या फळीत, खेळले. त्यानंतर मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं वगैरे काही नाही. मेरीलँड आणि व्हर्जिनियातल्या हायस्कुलांमध्ये त्यांनी सुमारे वीस वर्षं मुलांना शिकवलं. मॅकडोनो, टी. सी. विल्यम्स, शँटिली ही त्या शाळांची नावं. शाळामास्तर, शब्दशः. पेन स्टेटचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांनी त्यांना १९९६ मध्ये बोलावलं तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. आपल्याकडे त्या वयात माणूस बदलीचा अर्ज मागे घेतो आणि घराच्या कर्जाचे हप्ते मोजतो.

पेन स्टेटमध्ये ते अठरा हंगाम राहिले. आधी लाइनच्या टोकांना खेळणाऱ्यांचे, मग २००० पासून अख्ख्या लाइनचे. कोर्टनी ब्राउन हा त्यांचा विद्यार्थी २००० साली व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. २००३ मध्ये त्यांच्या लाइनमधले जिमी केनेडी आणि मायकेल हेन्स हे दोघे पहिल्या फेरीत गेले, आणि त्याच फेरीत त्यांचा स्वतःचा मुलगाही. त्याचं नावही लॅरी जॉन्सनच. तो मात्र चेंडू घेऊन पळणारा. आदल्या हंगामात दोन हजार यार्डांच्या वर पळाला होता. बापाने आयुष्यभर पळणाऱ्याला अडवायला शिकवलं आणि पोरगा पळणारा निघाला, हे वाचून मी एकटाच हसलो.

त्यांच्या विद्यार्थ्यांत मला सगळ्यात जास्त भावतो तांबा हाली. लायबेरियात जन्मला, यादवी युद्धातून लहानपणी जीव वाचवून निघाला, न्यू जर्सीत वडिलांकडे आला. जन्मापासून न पाहिलेला खेळ तो अमेरिकेत शिकला, पेन स्टेटला गेला, आणि २००६ मध्ये कॅन्सस सिटीच्या व्यावसायिक संघाने त्याला पहिल्या फेरीत घेतलं. तिथे संघात आधीपासून कोण, तर मास्तरांचा मुलगा.

आता आपल्या सरांकडे येतो.

त्यांना आपण 'कोपरे सर' म्हणायचो. ते त्यांचं आडनाव नव्हतं. तरुणपणी ते डाव्या कोपऱ्याला खेळायचे आणि शिकवायचेही फक्त पकड. चढाई शिकायची असेल तर "दुसरीकडं जा" म्हणायचे. दुसरीकडे कुठे, हे कधी सांगितलं नाही. मी चढाईपटू होतो, किंवा मला तसं वाटायचं. पाय हलके, दम लांब. नववीत त्यांनी मला उचलून डाव्या कोपऱ्यात उभं केलं आणि वर्षभर तिथून हलू दिलं नाही. मी रडलो, घरी भांडलो, दोन आठवडे मैदानावर गेलो नाही. सरांनी बोलावणंही धाडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात माझा मीच गेलो. "ये, पाय धर," एवढंच म्हणाले.

पाय धर म्हणजे घोटा. आणि घोटा धरायच्या आधी महिनाभर नुसतं उभं राहणं. समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं नाही, हातांकडे तर अजिबात नाही. "डोळं खोटं बोलतात, हात खोटं बोलतात. टाच बोलत न्हाई." मैदानावर पाणी मारलेलं असायचं, ओल्या मातीवर चढाईवाल्याच्या टाचेचा ठसा खोल उमटला की तो त्या पायावर भार देतोय आणि दुसरा पाय उचलणार. हे ठसे ते आम्हाला वाकून दाखवायचे. त्या वयात मला ते वेडगळ वाटायचं.

लाइनच्या खेळाचं मी जे काही वाचलं-पाहिलं, त्यात हेच आहे. पहिलं पाऊल, मग हात, मग कंबर. समोरच्याने छातीवर पंजा ठेवायच्या आत त्याचा हात झटकायचा. त्याला चॉप म्हणतात, स्वाइप म्हणतात, खालून खांदा घालून वर उचलला की रिप. जॉन्सन यांची ख्याती हातांच्या या शिकवणीबद्दल आहे. दुसरी ख्याती माणसं फिरवण्याची. सगळ्यात चांगले चौघे दमेपर्यंत खेळवायचे नाहीत. आठ-नऊ जण तयार ठेवायचे आणि सतत आतबाहेर करायचे. चेंडू फेकला जाणार अशी खात्री असली की चारही जागांवर चपळ, टोकाला खेळणारी पोरं उभी करायची. इथले लोक त्या चौकडीला 'रशमेन' म्हणतात. कोपरे सरही राखीव पोरांना कोपऱ्याची तालीम द्यायचेच. आम्ही सात जण कुरकुरायचो, की त्यांच्यावर वेळ कशाला घालवता. तालुक्याच्या अंतिम सामन्यात माझा गुडघा सुजला तेव्हा आत गेला तो राखीवातलाच. त्याने दोन पकडी केल्या. मी बाहेर बसून मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या, हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

जॉन्सन आल्यावर पहिल्याच हंगामात ओहायो स्टेटने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. ओरेगॉनला ४२-२० ने हरवलं, तारीख १२ जानेवारी २०१५. लाइनच्या टोकाला जोई बोसा होता. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, तो निवडीत तिसरा गेला. त्याचा धाकटा भाऊ निक २०१९ मध्ये दुसरा. त्यांचे वडीलही १९८७ मध्ये पहिल्या फेरीत निवडले गेले होते, त्यामुळे घरात रक्तच होतं म्हणा. पण मग चेस यंग आला. त्याने २०१९ च्या हंगामात साडेसोळा सॅक केले, ओहायो स्टेटचा विक्रम, आणि तोही २०२० मध्ये दुसरा गेला. त्याच्या घराण्याचं नाव कोणी सांगत नाही. मधली कडी एकच.

तरीही मुख्य प्रशिक्षकपद? पेन स्टेटमध्ये २०१४ च्या जानेवारीत जागा रिकामी झाली तेव्हा काही दिवस हंगामी म्हणून त्यांच्याकडे जबाबदारी आली. अठरा हंगामांची सेवा होती. पॅटर्नो गेल्यानंतरच्या वाईट दिवसांतही ते तिथे टिकून होते. पण ती जागा बाहेरून आलेल्या माणसाला मिळाली आणि जॉन्सन कोलंबसला आले. कोलंबसला ते मुख्य झाले एकदाच, ५ डिसेंबर २०२० रोजी, कोविडमुळे. मुख्य प्रशिक्षक रायन डे यांना लागण झाली होती. मिशिगन स्टेटच्या मैदानावर जॉन्सन यांनी संघ नेला आणि ५२-१२ ने जिंकून आणला. ओहायो स्टेटचा फुटबॉल १८९० पासूनचा; त्या सगळ्या काळात संघाचं नेतृत्व करणारे ते पहिले कृष्णवर्णीय. आणि पुढच्या सामन्याला डे परत आले, जॉन्सन आपल्या चौघांकडे.

तो सामना मी घरी सोफ्यावर बसून पाहिला. मला आपल्या शाळेचा तो आठवडा आठवला, जेव्हा मुख्याध्यापक आजारी होते आणि कोपरे सर त्यांच्या खुर्चीत बसले होते. खुर्चीत म्हणजे, खुर्ची त्यांनी दारापर्यंत ओढून घेतली होती. तिथून मैदान दिसायचं. पुढे सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांचं नाव वर आलं तेव्हा काय झालं याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी मी तीन शिक्षकांकडून ऐकल्यात. त्यातली कुठली खरी, मला ठाऊक नाही. निवृत्त झाले ते सहायक शिक्षक म्हणूनच.

दोघांना एका मापात मोजतोय असा समज नको. एकाचे विद्यार्थी कोट्यधीश झाले; दुसऱ्याचे पोलिसात, एस.टी.त, साखर कारखान्यावर लागले आणि एक मी, संगणकापुढे बसून पाठदुखी घेणारा. एकाच्या मागे लाखभर माणसांचा गजर, दुसऱ्याच्या मागे चिंचेचं झाड. पण वर्षामागून वर्षं पोरं बदलत राहतात, काम तेच राहतं, हे मला कोलंबसमध्ये दिसलं. आणि ते कंटाळवाणं नसतं, हेही. शाळेत मला ते फक्त कंटाळवाणं दिसलं होतं.

शेवटची गोष्ट २०२५ च्या जानेवारीतली. १० तारखेला टेक्सासविरुद्ध उपांत्य सामना. जॉन्सन तेव्हा सत्तरी ओलांडलेले. ओहायो स्टेट २१-१४ ने पुढे, शेवटची दोन-सव्वादोन मिनिटं राहिलेली, चेंडू टेक्सासकडे आणि गोल आठ यार्डांवर. चौथा प्रयत्न. टोकाला जॅक सॉयर, आमच्या कोलंबसच्या शेजारच्या पिकरिंग्टनचा पोरगा. समोर टेक्सासचा क्वार्टरबॅक क्विन एवर्स, जो कधीकाळी ओहायो स्टेटमध्ये याच सॉयरच्या खोलीत राहायचा. सॉयर बाजूने घुसला, एवर्सच्या हातातला चेंडू उडवला, उचलला, आणि ८३ यार्ड धावत सुटला. एवढं पळायची सवय नसलेला माणूस; शेवटी पाय ओढत होता. आमच्या गल्लीत लोक थंडीत अनवाणी बाहेर आले. पुढे दहा दिवसांनी नोत्र दामला ३४-२३ ने हरवून विजेतेपदही मिळालं, पण ते मला इतकं आठवत नाही.

तो तुकडा मी सरांच्या नातवाच्या फोनवर पाठवला. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं, नजर शाबूत आहे. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. नातवाने सांगितलं, आजोबांनी सहा वेळा लावायला लावलं. सरांनी खेळ कुठला, पोरगा कोण, कोण जिंकलं, काही विचारलं नाही.

"ह्यो आत आला ते दिसलं," म्हणाले. "बाकीचं तिघं कुठं हायत?"

मी तो तुकडा निदान पन्नास वेळा पाहिला होता. सॉयर सोडून कोणाकडे बघितलंच नव्हतं. सरांना थांबायला सांगितलं आणि लॅपटॉप उघडला.

(माजी विद्यार्थी, दहावी १९८६)